वल्हांडण, सप्ताह आणि मंडप: यात्रेचे हे सण 'छाया' म्हणून सोडून द्यायचे का?

सांजवात

पुनरुत्थानाच्या सणाच्या आसपास बहुतेक मंडळ्यांत एक संदेश ठरलेला असतो. वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचा, कोकरा म्हणजे ख्रिस्त, प्रथमफळाची पेंढी म्हणजे त्याचं पुनरुत्थान, सप्ताहांचा सण म्हणजे पवित्र आत्म्याचं उतरणं, मंडपांचा सण म्हणजे येणारं राज्य. फळ्यावर दोन रकाने, डावीकडे जुना करार, उजवीकडे नवा, मधे बाण. यात चूक काही नाही. ख्रिस्त हा आपला वल्हांडणाचा यज्ञ, असं प्रेषित पौलानेच लिहिलंय (१ करिंथ ५:७). माझी तक्रार एवढीच की बाण काढून झाला की आपण डावा रकाना येणाऱ्या गोष्टींची नुसती 'छाया' म्हणून पुसून टाकतो, आणि त्यात काय होतं ते धड वाचलेलंही नसतं.

म्हणून आधी तो रकाना. बायबलच्या निर्गम २३, निर्गम ३४ आणि अनुवाद १६ या तिन्ही अध्यायांत आज्ञा आहे की वर्षातून तीनदा परमेश्वरासमोर हजर व्हा आणि रिकाम्या हाताने येऊ नका. जवाची कापणी तोंडावर आली की वल्हांडण आणि बेखमीर भाकरीचा सण. पुढे सात आठवडे मोजून, गहू निघाला की सप्ताहांचा सण. आणि शरद ऋतूत खळं व द्राक्षकुंड आवरून झालं की सात दिवस झोपड्यांत राहायचं, तो मंडपांचा सण. मिसरातून सुटका, रानातली वाटचाल आणि शेतातलं पीक, सगळं एकाच पंचांगात.

आता अनुवाद १६:११ बघा. सणात आनंद करायचा कोणी? तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गावातला लेवी (देवळाची सेवा करणारा), उपरी, पोरका आणि विधवा. मंडपांच्या सणासाठी १४ व्या वचनात जवळजवळ हीच यादी पुन्हा दिली आहे. ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, त्यांना पीक आल्याच्या आनंदात बसवून घ्यायचं, हा सणाचा नियमच आहे.

त्याहून मला थांबवतं ते लेवीय २३. अख्खा अध्याय म्हणजे वेळापत्रक: कितवा महिना, कितवी तारीख, किती कोकरं, किती सपीठ. सप्ताहांच्या सणाचं वर्णन संपतं, कर्ण्यांच्या दिवसाचं अजून सुरू व्हायचं असतं, आणि मधेच २२ वं वचन येतं: कापणी करताना शेताच्या कडा साफ कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांना आणि उपऱ्यांना राहू द्या. ही आज्ञा १९ व्या अध्यायात आधीच येऊन गेलेली आहे. तरी ती पुन्हा इथे, सणांच्या ऐन मधोमध ठेवली आहे. सप्ताहांच्या सणाला यहुदी सभास्थानांत रूथचं पुस्तक वाचतात. दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी ती परदेशी बाई.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी तोंडी नियमांच्या संग्रहात, प्रथमफळं घेऊन जाणाऱ्या यात्रेचं वर्णन आहे. गावोगावचे लोक एका मुख्य गावी जमत, रात्री घरात न जाता चौकातच झोपत, आणि सकाळी निघत. पुढे बैल, त्याची शिंगं सोन्याने मढवलेली, डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट, आणि बासरीवाला. जवळचे लोक ताजे अंजीर आणि द्राक्षं आणत, लांबचे सुके अंजीर आणि मनुका. यरुशलेमचे कारागीर हातातलं काम ठेवून उभे राहत आणि अमुक गावच्या बंधूंनो, सुखरूप या, असं म्हणत. मंदिरात प्रत्येकाने अनुवाद २६ मधली कबुली म्हणायची: माझा बाप भटका अरामी होता. आधी अशी पद्धत होती की ज्याला वाचता येई तो स्वतः म्हणे, ज्याला येत नसे त्याला दुसरा सांगे आणि तो मागून म्हणे. मग निरक्षर लोक लाजेने यायचेच बंद झाले. तेव्हा ठरलं की येणाऱ्या प्रत्येकाला, शिकलेला असो वा नसो, दुसऱ्यानेच सांगायचं.

आपला प्रभू या यात्रांत वाढला. बाराव्या वर्षी तो वल्हांडणाला गेला, ते लूकने लिहिलंय. योहानाचा सातवा अध्याय तर मंडपांच्या सणातच घडतो. त्या देशात उन्हाळाभर पाऊस नसतो, आणि हा सण पावसाच्या तोंडावर येतो. सणाच्या दिवसांत रोज शिलोह तळ्यातून सोन्याच्या सुरईत पाणी भरून वाजतगाजत वेदीवर आणून ओतत. त्याच सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो, कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं. रात्री स्त्रियांच्या अंगणात उंच दीपवृक्ष पेटत, त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या कपड्यांच्या असत, आणि यरुशलेमचं एकही अंगण त्या उजेडावाचून राहत नसे, असं मिश्ना सांगते. त्यानंतर योहान ८:१२ वाचा, 'मी जगाचा प्रकाश आहे.' सण माहीत नसेल तर ही दोन्ही वाक्यं अधांतरी राहतात.

माझं मत: ख्रिस्ती वाचकाने या सणांतून ख्रिस्ताकडे जरूर जावं, पण शेताच्या कडेवरून आणि विधवेच्या ताटावरून जावं. ते ओलांडून जो अर्थ निघतो तो मला अर्धा वाटतो. तुमचं काय म्हणणं आहे?

नगरी

ताई, अभ्यास चांगला आहे, निष्कर्ष मान्य नाही. कलस्सै २:१६-१७ मध्ये सण, अमावास्या, शब्बाथ यांना पुढे होणाऱ्या गोष्टींची छाया म्हटलंय आणि शरीर ख्रिस्ताचं आहे. गलती ४:१० मध्ये दिवस, महिने, ऋतू पाळणाऱ्यांबद्दल पौल घाबरून लिहितो की माझे श्रम वाया गेले की काय. आणि योहान ४ मध्ये प्रभू शोमरोनी बाईला सांगतो की या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमातही नाही. यात्रेचं ठिकाणच गेलं, मग यात्रा कुठली?

पण मला बोलायचंय ते दुसरंच. तुम्ही बैल, बासरी आणि सुरईचं वर्णन केलंत. त्याच मंदिरात एक कठडा होता आणि त्यावर ग्रीक अक्षरांत दगडी पाटी होती: परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, सापडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. ही पाटी १८७१ मध्ये फ्रेंच अभ्यासक क्लेर्मों-गानो यांना यरुशलेमात सापडली, आज ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. आम्ही नगर जिल्ह्यातले, महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले लोक. देवळाबाहेर उभं राहणं म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो इफिस २:१४ वर विश्वास ठेवून, की मधली आडभिंत पाडली गेली. त्या भिंतीच्या आतले सोहळे आता मला गोड करून सांगू नका.

आणि अनुवाद १६ ची यादी नीट बघा. उपरी सप्ताहांच्या आणि मंडपांच्या सणात आहे. वल्हांडणाच्या वचनांत ती यादी नाही. निर्गम १२:४८ प्रमाणे सुंता न झालेल्याने वल्हांडण खायचंच नाही.

उत्तन किनारा

आम्ही कॅथलिक लोक हा वाद ऐकून थोडे चकित होतो. पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थान सणाच्या, रात्रीच्या विधीत निर्गम १४ चं, समुद्र ओलांडण्याचं, वाचन कधीच गाळता येत नाही, बाकीची वाचनं कमी केली तरी ते राहतंच. पेंटेकॉस्ट, म्हणजे सप्ताहांचाच सण, आमच्या पंचांगात आहेच. ख्रिस्तसभेने सण पुसले नाहीत, मिस्सेत, म्हणजे उपासनेत, आणले. फक्त तिसऱ्याचं, मंडपांच्या सणाचं, आमच्याकडे काहीच उरलेलं नाही, आणि सांजवात यांचं वाचून त्याची खंत वाटली. पिकाच्या आनंदाचा आणि उपऱ्याचा सण नेमका तोच होता.

नवा बुधला

मग उरवू या ना! आमच्या सहवासात गेली काही वर्षं वल्हांडणाचं भोजन होतं. बेखमीर भाकरी, कडू भाजी, कोकराचं मांस, चार प्याले, लहान मुलांचे प्रश्न. येशूने शेवटच्या रात्री जे केलं ते आम्ही करतो. लोक रडतात, वचन जिवंत होतं. जखऱ्या १४:१६ सांगतं की सर्व राष्ट्रं मंडपांचा सण पाळायला वर जातील. राष्ट्रं म्हणजे आपणच. नगरीदादा, तुमच्या वेदनेचा मान राखून म्हणतो, भिंत पडली याचा अर्थ आता आपल्यालाही आत जाता येतं.

अष्टागर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. मूळ अलिबागकडचे, आता कुटुंब इस्राएलात, घरात बोलणं अजून मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत. पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली, तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत. एवढं यासाठी सांगतेय की ज्या सणांबद्दल इथे भूतकाळात बोलणं चाललंय ते मराठीत आजही पाळले जातात.

नवा बुधला, तुम्ही जे भोजन करता ते येशूने केलेलं नाही. सेदेरची, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या भोजनाची, मांडणी आज दिसते ती मंदिर पडल्यानंतर, म्हणजे इ. स. ७० नंतर, घडत गेली. चार प्याले आणि मुलांचे प्रश्न मिश्नातले आहेत. कोकरू मंदिरात कापायचं असे. मंदिर नाही म्हणून कोकरू नाही, म्हणून आमच्या ताटात भाजलेलं हाड ठेवतात. त्या ताटात आमचं काय गेलं याची आठवण आहे. तुम्ही त्यावर कोकराचं मांस वाढता आणि प्रत्येक घासाला सांगता की याचा खरा अर्थ यहुद्यांना कळला नाही. मला ते सहन होत नाही.

थोडा इतिहासही बघा. अंत्युखियात ३८६-८७ मध्ये ख्रिस्ती उपदेशक योहान ख्रिसोस्तमने यहुद्यांविरुद्ध प्रवचनं केली, कारण त्याचे ख्रिस्ती लोक शरदातल्या आमच्या सणांना सभास्थानात जात होते. ३२५ च्या निकियातल्या ख्रिस्ती परिषदेनंतर सम्राट कॉन्स्टंटाईनने पुनरुत्थान सणाच्या तारखेबद्दल पत्र लिहिलं, त्यात यहुद्यांशी काहीच सामाईक नको अशी भाषा आहे. १४७५ मध्ये आजच्या इटलीतल्या त्रेंतोला वल्हांडणाच्या सुमारास एक मूल मेलं, त्याचं रक्त यहुद्यांनी सणासाठी वापरलं असा खोटा आरोप झाला आणि माणसं छळ करून मारली गेली. कोकणात आमच्यावर अशी वेळ आली नाही, हे मी दर वल्हांडणाला मनात म्हणते. 'छाया' हा विचार पुस्तकात सौम्य वाटतो. युरोपात त्याची किंमत आमच्या लोकांनी मोजली आहे.

वाचायला कोणाचीच ना नाही. गणना २९ मध्ये मंडपांच्या सणाचे बैल मोजा: पहिल्या दिवशी तेरा, मग रोज एक कमी, सात दिवसांचे सत्तर. तालमूद, आमच्या रब्बींचा ग्रंथ, म्हणतं की हे जगातल्या सत्तर राष्ट्रांसाठी. आणि तिथेच रब्बी योहानान हळहळतात की राष्ट्रांनी मंदिर पाडलं आणि आपण काय गमावलं ते त्यांना कळलंही नाही, कारण ती वेदी त्यांच्यासाठीही प्रायश्चित्त करत होती. कठड्याची पाटी खरी आहे, नगरीभाऊ. हे सत्तर बैलही खरे आहेत.

नवा बुधला

तुमचं दुःख समजलं. तरी पटत नाही. आमचा प्रभू यहुदी होता, त्याचे सण आमच्या शास्त्रात आहेत. रोम ११ प्रमाणे आम्ही त्याच जैतुनाच्या मुळावर कलम झालोत. कोणाला हिणवायचा हेतू नाही. 'यहुद्यांना कळलं नाही' हे वाक्य आमच्याकडे बोललं जातं, ते मात्र थांबवायला हवं. तेवढं मी आमच्या लोकांशी बोलेन. भोजन बंद करणार नाही.

अष्टागर

रोम ११ मध्येच मुळावर ताठा मिरवू नकोस असंही आहे. तेवढं त्या रात्री वाचा.

पुराणवस्तू

विश्वासाच्या प्रश्नात पडत नाही, इतिहासाचं बोलतो. सांजवात, तुम्ही सणांना फार निरागस करून टाकलंय. मुळात हे पिकाचे सण, गावोगावच्या वेद्यांवर होणारे. ते एकट्या यरुशलेमात ओढले गेले ते यहूदाचा राजा योशीया याच्या काळात, इ. स. पू. ६२२ च्या सुमारास. २ राजे २३ मध्येच लिहिलंय की असा वल्हांडण शास्त्यांच्या काळापासून झाला नव्हता. स्थानिक वेद्या फोडल्या, तिथले याजक हलवले, आणि नैवेद्याचा ओघ राजधानीकडे वळला. त्याआधी उत्तरेकडच्या राज्याचा राजा यराबाम याने उलटं केलं होतं: लोक सणाला यरुशलेमात गेले तर त्यांचं मन दावीदाच्या घराण्याकडे फिरेल, म्हणून त्याने बेथेलला आठव्या महिन्यात वेगळा सण काढला (१ राजे १२). यात्रा म्हणजे सत्ता, हे दोन्ही राजांना पक्कं ठाऊक होतं. आणि संदेष्टा आमोस याच्या पुस्तकात (५:२१) देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला वीट आहे. विधवा-पोरक्यांची यादी कायद्यात होती. ती किती पाळली जात होती याचं उत्तर आमोस देतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. १९१३-१४ च्या उत्खननात यरुशलेमात थियोदोतस नावाच्या यहुद्याचा ग्रीक शिलालेख मिळाला. त्याने सभास्थान बांधलं ते नियमशास्त्र वाचायला आणि आज्ञा शिकवायला, आणि सोबत परदेशाहून येणाऱ्या गरजूंसाठी उतरायच्या खोल्या आणि पाण्याची सोय. लांबून आलेल्याला टेकायला जागा आणि हातपाय धुवायला पाणी, हे कोणीतरी पदरचे पैसे घालून केलं आणि दगडावर कोरून ठेवलं.

सांजवात

आमोस माझ्या विरुद्ध जातो असं मला वाटत नाही. तो सणांवर चिडतो कारण दरवाज्यात गरिबाला लाथाडून लोक वेदीपाशी गाणी म्हणतात. सणाचा नियम मोडलाय म्हणूनच तो चिडलाय. सत्तेचं म्हणाल तर मान्य, राजांनी यात्रा वापरल्या. पण योशीयाच्या सुधारणेशी ज्या अनुवादाचं नातं अभ्यासक जोडतात, त्याच पुस्तकात उपरी, पोरका आणि विधवा सणाच्या पंगतीला आहेत. राजधानीला फायदा झाला आणि विधवेची जागाही लिहून ठेवली गेली, दोन्ही एकाच अध्यायात.

मिश्नात आणखी एक ओळ आहे. श्रीमंत प्रथमफळं आणत सोन्या-चांदीच्या टोपल्यांत, गरीब आणत सोललेल्या वाळुंजाच्या काड्यांच्या टोपल्यांत, आणि गरिबांच्या टोपल्याही फळांसकट याजकाकडे जात. विषमता तिथेही होती. ती झाकून सणांचं कौतुक करणार नाही.

नगरीभाऊ, तुमच्या कठड्याबद्दल मी बराच विचार केला. त्याला उत्तर देण्याचा हक्क मला वाटत नाही. वल्हांडणाच्या यादीचं तुमचं वाचनही बरोबर आहे. फक्त पौलाचं बघा. प्रेषित २०:१६ मध्ये तो घाईत आहे, पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमात असावं म्हणून इफिसला उतरतही नाही. गलतीकरांना दिवस पाळण्यावरून झापणारा हाच माणूस. सोबत आहे ती मासेदोनिया आणि अखयाच्या मंडळ्यांनी यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी गोळा केलेली वर्गणी (रोम १५:२६). सणाला निघालाय, आणि रिकाम्या हाताने नाही. तिथे पोचल्यावर त्याला धरलं कशावरून? इफिसच्या त्रफिमाला, एका परक्याला, मंदिरात आणल्याच्या संशयावरून (प्रेषित २१:२८-२९). त्याच कठड्यावरून, तुमच्याच पाटीवरून. कठड्यासमोर पौल तुमच्या बाजूने उभा आहे, आणि तिथवर तो आलाय सणाच्या वाटेने.

उत्तन किनारा

हे त्रफिमाचं मी आजवर पेंटेकॉस्टशी जोडून वाचलंच नव्हतं. आमच्या इथे त्या रविवारी सगळं प्रवचन अग्नीच्या जिभांवर असतं. पार्थी, मेदी, एलामी एवढे सगळे लोक यरुशलेमात आलेच का होते, हे कोणी विचारत नाही. सणासाठी आले होते!

नगरी

पौलाचं वाचन चांगलं आहे, मी ते नाकारत नाही. पण त्याने वर्गणी नेली ती प्रीतीने, नियमशास्त्राने बांधला गेला म्हणून नाही. अष्टागरताई, सत्तर बैलांचं मला ठाऊक नव्हतं. तुमच्या लोकांबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, मी बोललो ते आमच्या मंडळ्यांना.

माझा प्रश्न तसाच आहे. गरिबासाठी शेताची कड सोडायची ही आज्ञा सणाशिवायही लागू आहे, तुम्हीच म्हणालात की लेवीय १९ मध्ये ती आधीच येऊन गेली. मग त्यासाठी सणाची गरज काय? रोम १४:५ म्हणतं, एकाला एक दिवस मोठा वाटतो, दुसऱ्याला सगळे सारखे. मी दुसऱ्यातला.

सांजवात

गरज तारखेची आहे. 'जमेल तेव्हा देईन' म्हणणाऱ्याचं जमत नाही, हे आपण मंडळीच्या हिशेबाच्या वहीत बघतो. पीक हातात आलेलं असताना, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसमोर, ज्याच्याकडे नाही त्याच्यासोबत बसून जेवायचं, असं नियमशास्त्राने बांधून दिलं. पौलही करिंथकरांना तारीख देतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा, मी आल्यावर गोळा करत बसू नका (१ करिंथ १६:२). आणि सहाच वचनांनंतर लिहितो की पेंटेकॉस्टपर्यंत मी इफिसात राहणार आहे. त्याच्या डोक्यातलं पंचांग तेच होतं.

नगरी

१६:२ मध्ये दिवस आहे, मान्य. पण तो आठवड्याचा पहिला दिवस आहे, प्रत्येकाने आपापल्या घरी पाळायचा. त्यासाठी कोणाला यरुशलेम चढावं लागत नाही, आणि कोणाला कठड्याबाहेर थांबावं लागत नाही.

अष्टागर

इ. स. ७० नंतर आम्हालाही चढावं लागत नाही, नगरीभाऊ. माझा बाप भटका अरामी होता, ही कबुली आम्ही तेव्हापासून घरीच म्हणतो, हगादा वाचताना. आणि ते वाचन सुरू होतं दारातल्या आमंत्रणाने: भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं.

नगरी

ते आमंत्रण आमच्या मंडळीत वाचायला मी तयार आहे. सण म्हणून नाही.